नफा वाढवणं एवढंच कंपनीचं काम, हे ठरवलं कोणी?

प्रश्न : आमच्या ग्रुपवर वाद चाललाय. एकजण म्हणतो नवउदारमतवादी (सरकारने हात आखडता घ्यावा, बाजाराला मोकळं सोडावं म्हणणाऱ्या) अर्थतज्ज्ञांनी जगभरची धोरणं फिरवली, दुसरा म्हणतो छे, प्रोफेसर लोक पेपर लिहितात, सरकारं हवं तेच करतात. खरं काय?

उत्तर : दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. हायेक, फ्रीडमन वगैरे याच विचाराचे अर्थतज्ज्ञ 1947 ला स्वित्झर्लंडमधे जमले तेव्हा त्यांना कोणी फारसं विचारत नव्हतं, सगळीकडे केन्सचा जोर, म्हणजे मंदीत सरकारने खर्च करून अर्थव्यवस्था सावरावी या विचाराचा. मग यांनी विद्यार्थी तयार केले, थिंक टँक (धोरणं सुचवणाऱ्या संस्था) उभे राहिले, पैसे द्यायला उद्योगपती होतेच, टॅक्स कमी करा आणि युनियनला आवरा हे ऐकायला त्यांना गोडच लागणार ना! 70 च्या दशकात महागाई आणि बेकारी एकदमच वाढली, केन्सवाले गांगरले, आणि यांचं उत्तर तयार होतं.

चिलीचं बघा. तिथली पोरं 1956 च्या करारामुळे शिकागो विद्यापीठात, फ्रीडमनच्याच गावात, शिकून आलेली, 1973 ला लष्करप्रमुख पिनोशेने सत्ता बळकावली तेव्हा त्यांचा प्लॅन लिहून तयार, इतका जाडजूड की त्याला 'वीट' म्हणायचे. निवडणुकीची भानगडच नाही. 1981 ला पेन्शन खाजगी केली, म्हणजे कामगाराच्या पगारातले 10 टक्के कापून खाजगी फंडात, वर फंडवाल्यांचं कमिशन वेगळं, मालकाचा वाटा शून्य. लष्कराने मात्र स्वतःची जुनी पेन्शन तशीच ठेवली (एवढी चांगली स्कीम होती तर घ्यायची की!). पुढच्या वर्षी अर्थव्यवस्था कोसळली आणि 1983 त बुडत्या बँका याच सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या.

नफ्याचं म्हणाल तर फ्रीडमनने 1970 ला लेखच लिहिला, नियम पाळून नफा वाढवणं हीच कंपनीची सामाजिक जबाबदारी. 1982 मधे अमेरिकेत कंपन्यांना स्वतःचेच शेअर बाजारातून परत घ्यायला नियमाने मोकळीक मिळाली, कंपनीच्या बड्या साहेबांचा पगार शेअरच्या भावाला बांधला गेला, मग जास्तीचा पैसा शेअर परत घेऊन भाव चढवण्यात जाणार हे उघड आहे.

पण तुमच्या दुसऱ्या मित्राचा मुद्दा इथे येतो, सरकारांनी यातलं सोयीचं तेवढंच उचललं. फ्रीडमनचा उद्योगांच्या सबसिडीलाही विरोध होता, ते कोणी फार मनावर घेतलं नाही. आणि चिलीत एवढं खाजगीकरण होऊनही तांब्याच्या मोठ्या सरकारी खाणी विकल्या नाहीत, कारण त्या तांब्याच्या निर्यातीतले 10 टक्के कायद्यानेच लष्कराला मिळत होते.