समासातल्या कॉप्टिक टिपा

प्रश्न : बायबलच्या एका खूप जुन्या ग्रीक पपायरसवर (लव्हाळ्यापासून बनवलेल्या कागदावर) बाजूला कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्तच्या जुन्या भाषेत, काहीतरी लिहिलंय म्हणे. कोणी लिहिलं असेल आणि का? यामुळे मूळ मजकुरात भेसळ झाली असं म्हणायचं का?

उत्तर : भेसळ अजिबात नाही, तो विचार आधी डोक्यातून काढा. तुम्ही म्हणताय तो बहुतेक डब्लिनच्या चेस्टर बीटी लायब्ररीतला, बायबलच्या जुन्या करारातल्या यशया या ग्रंथाचा पपायरस, तिसऱ्या शतकातला. खाणउद्योगात पैसा कमावलेल्या आल्फ्रेड चेस्टर बीटींनी इजिप्तमधून असे बरेच पपायरस विकत घेतले आणि 1931 साली ब्रिटिश अभ्यासक फ्रेडरिक केन्यन यांनी ते जगासमोर आणले. पानं फाटकी आहेत, पण ग्रीक मजकूर त्याच्या जागी आहे आणि कॉप्टिक आहे ती समासात, म्हणजे आपण पुस्तकात कठीण शब्दाशेजारी पेन्सिलीने अर्थ लिहून ठेवतो ना, तसं. नक्कल करताना अशी टीप चुकून मजकुरात घुसू शकते हे खरं, पण इथे दोन्ही भाषा सरळ वेगळ्या दिसतात.

लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नाही, पण त्याची बोली आहे! टिपा जुन्या फय्यूमी बोलीत आहेत, फय्यूम म्हणजे कैरोच्या नैऋत्येचा सुपीक भाग, त्यामुळे हे पुस्तक तिकडच्या माणसाच्या हातात होतं असं धरायला हरकत नाही. तेव्हा इजिप्तमध्ये सरकारी कामकाज ग्रीकमध्ये चालायचं, घराघरात मात्र इजिप्शियनच, आणि तीच भाषा ग्रीक अक्षरं घेऊन, वर डेमोटिक या जुन्या इजिप्शियन लिपीतली सहा-सात जोडून लिहायला लागले ती कॉप्टिक. ग्रीक यशया हाच मुळात हिब्रूवरून केलेला अनुवाद, त्याचा अर्थ कोणीतरी परत आपल्या बोलीत लावत बसलंय. स्वतःसाठी की लोकांना वाचून समजावण्यासाठी ते टिपांवरून कळत नाही, मला स्वतःला दुसरं जास्त पटतं.

आणि हा एकटाच नमुना नाही बरं का. वॉशिंग्टनच्या फ्रीअर संग्रहात बारा लघु संदेष्ट्यांचा, म्हणजे जुन्या करारातल्या बारा छोट्या ग्रंथांचा, ग्रीक पपायरस आहे, तोही तिसऱ्या शतकातलाच, त्यात होशेय आणि आमोस या दोन ग्रंथांच्या बाजूला कॉप्टिक टिपा आहेत. म्हणून मला वाटतं अशा हस्तलिखितांचे फोटो बघताना नुसती ग्रीक ओळ बघून पुढे जाऊ नका, समास झूम करून बघा, कारण बायबल कॉप्टिकमध्ये कसं येत गेलं त्याचे अगदी सुरुवातीचे पुरावे तिथेच आहेत.