दुसऱ्या महायुद्धात भारतात शस्त्रकारखाने असूनही ब्रह्मदेश आघाडीला जुनीच शस्त्रं का मिळायची?

मी ठाण्यात, वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये (कारखान्याला लागणारे साचे आणि अवजारं बनवणाऱ्या विभागात) काम करतो. त्यामुळे मी हा प्रश्न यंत्रांच्या बाजूने बघतो.

राजकीय कारण सर्वांना ठाऊक आहे. पर्ल हार्बरनंतर वॉशिंग्टनच्या बैठकीत ब्रिटन-अमेरिकेचं 'आधी जर्मनी' (आधी जर्मनीला हरवायचं, मग जपानला) हे धोरण पक्कं झालं. जपानच्या ताब्यातल्या अंदमानवरची चढाई चीनचे नेते चँग कै-शेक यांना कबूल करूनही डिसेंबर 1943 मध्ये रद्द झाली, कारण सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटी युरोपला हव्या होत्या. 1944 मध्ये कोहिमात (नागालँड) लढलेले अमेरिकन ली रणगाडेही युरोपात केव्हाच मागे पडले होते.

पण सगळाच दोष या धोरणाचा नाही. ब्रिटन नव्या नंबर 4 रायफलीकडे वळलं, तरी कोलकात्याजवळचा ईशापूरचा रायफल कारखाना जुनी एसएमएलई (आधीची ली-एनफील्ड रायफल) बनवत राहिला. मॉडेल बदलायचं म्हणजे नुसतं ड्रॉइंग बदलून भागत नाही. प्रत्येक पार्टसाठी जिग, फिक्श्चर (पार्ट नेमका धरून ठेवणारी साधनं), गेज (माप तपासायची साधनं) नव्याने करावी लागतात आणि तोवर उत्पादनाची लाइन अडकते. भर युद्धात चालती लाइन कोण थांबवणार? शिवाय अचूक कामाची बरीचशी मशीन टूल्स (लेथ, मिलिंगसारखी धातू कापणारी यंत्रं) परदेशातूनच यायची.

जे इथल्या मालातून होण्यासारखं होतं, ते मात्र झटपट झालं. विमानातून रसद टाकायला पॅराशूट मिळेनात, तेव्हा ब्रह्मदेश आघाडीचे सेनापती जनरल स्लिम यांच्या लोकांनी कोलकात्याच्या गिरण्यांकडून तागाची करून घेतली. नेहमीच्या पॅराशूटची किंमत 20 पौंडांच्या वर जायची, हे साधारण 1 पौंडात पडायचं. मला या युद्धातलं हे काम सगळ्यात मोठं वाटतं.

खरी अडचण इंजिनाची होती. सैन्यात माणसं 25 लाखांपर्यंत गेली, पण मोटारीचं इंजिन देशात बनत नव्हतं. चिलखती गाड्यांना पत्रा टाटांचा जमशेदपूरहून, चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन कॅनडाच्या फोर्डचं. उद्योगपती वालचंद हिराचंद युद्धाच्या सुरुवातीपासून मोटार कारखान्यासाठी सरकारच्या मागे लागले होते. सरकारने तो युद्धोपयोगी मानलाच नाही. त्यांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी स्थापन झाली 1944 मध्ये, आणि गाड्या बाहेर पडल्या त्या युद्ध संपल्यावर. हा नकार मला बोटी युरोपला वळवण्याहून जास्त खटकतो. बोटी मुळात कमी होत्या. इथे मात्र कारखाना उभारायला माणूस तयार होता, त्याला नुसती परवानगी आणि मशीनं हवी होती.