श्वसनविकाराने होणारी डुकरांची मरतूक

प्रश्न : आमच्याकडे दूध तोडलेल्या पिल्लांत आणि वाढीच्या डुकरांत थंडी पडली की खोकला सुरू होतो आणि काही जनावरे दगावतात. प्रतिजैविकांनी तेवढ्यापुरता गुण येतो, पण पुढच्या तुकडीत पुन्हा तेच घडते. औषध बदलावे का?

उत्तर : औषधाआधी जनावरांची ये-जा तपासावी. डुकरांतील श्वसनविकार सहसा एकट्या जंतूचे काम नसते. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी हा जिवाणू श्वासनलिकेतील सूक्ष्म लव निकामी करतो, पीआरआरएसचा (डुकरांच्या प्रजनन व श्वसनसंस्थेच्या रोगाचा) विषाणू फुफ्फुसातील संरक्षक पेशी मारतो आणि मग पाश्चुरेलासारख्या, एरवी नाकाघशात निमूट राहणाऱ्या जंतूंना खाली उतरायला वाट मिळते. नुसत्या मायकोप्लाझ्माने खोकला पुष्कळ होतो, परंतु मरतूक बेताची असते. ती वाढते या संगनमताने.

या संगनमताला सर्वांत जास्त खतपाणी मिळते ते वेगवेगळ्या वयांची जनावरे एकाच हवेत ठेवल्याने, कारण आजारातून उठलेली मोठी डुकरे वरवर धडधाकट दिसली तरी कित्येक आठवडे जंतू बाळगून असतात. मागे पडलेली खुरटी पिल्ले पुढच्या तुकडीत सोडणे हाही त्यातलाच प्रकार; जीव वाचावा म्हणून हे केले जाते, पण महागात पडते. कक्ष पूर्ण रिकामा करून, धुऊन, निर्जंतुक करून आणि कोरडा झाल्यावरच नवी तुकडी आत घ्यावी. अनेक ठिकाणांहून पिल्ले आणणे, ती वेगळी न ठेवताच मिसळणे आणि दाटीवाटी यांनीही धोका वाढतो.

थंडीचा संबंध बहुधा हवेशी आहे. ऊब टिकावी म्हणून पडदे गच्च बंद केले की ओल, धूळ आणि अमोनिया साचतात. पहाटे पडदे उघडण्याआधी डुकराच्या नाकाच्या उंचीवर बसून पाहा. डोळे चुरचुरत असतील, तर अमोनिया 20 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 20 भाग) आत ठेवण्याची मर्यादा बहुधा ओलांडली गेली आहे. मात्र थेट अंगावर येणारा गार झोतही तितकाच वाईट; पिल्ले एकमेकांवर चढून झोपत असतील तर तो शोधावा.

फारसे न खोकता, नाकातोंडाशी रक्ताळ फेस येऊन डुक्कर अचानक मेले, तर ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनी या फुफ्फुसाच्या जिवाणूचा संशय घ्यावा. अशा वेळी पाण्यातून दिलेले औषध फारसे उपयोगी पडत नाही, कारण आजारी जनावर पाणीच पीत नाही. पशुवैद्यकाकडून इंजेक्शन द्यावे लागते. औषध न दिलेल्या, नुकत्याच मेलेल्या जनावराचे शवविच्छेदन करून घ्यावे आणि मायकोप्लाझ्मा व सर्कोव्हायरस (डुकरांचा आणखी एक विषाणू) यांच्या लसींचे वेळापत्रक त्या निदानावरून ठरवावे.