पांढऱ्यातला मूळ पांढरा कोणता?

प्रश्न : मी नोकरीनिमित्त मिलानजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी मी १९६९ सालची अल्फा रोमेओ जीटी १३०० ज्युनिअर घेतली. गाडी आज लाल आहे. पण डिकीच्या झाकणाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर 'बियांकोस्पीनो' हे नाव आणि ०१३ हा क्रमांक आहे, आणि दाराच्या आतल्या पुठ्ठ्यामागे जुना पांढरा रंगही सापडला. रंगवाल्याने त्या क्रमांकावरून संगणकातील सूत्राने केलेला नमुना या जुन्या रंगाशी जुळत नाही. नमुना थंड, निळसर वाटतो, तर जुना रंग लोण्यासारखा पिवळट आहे. विश्वास कशावर ठेवावा?
— एक वाचक, मिलान

उत्तर : आधी चिठ्ठी याच गाडीची आहे याची खात्री करून घ्यावी, कारण पन्नास वर्षांत डिकीचे झाकण बदललेले असू शकते. आरेझे येथील अल्फा रोमेओच्या ऐतिहासिक संग्रहालयाच्या दस्तऐवज विभागाकडे चासी क्रमांक कळवल्यास गाडीच्या उत्पादनाचा तपशील आणि मूळ रंग नोंदवलेले प्रमाणपत्र मिळते. आपण त्या गावापासून फार दूर नाही, त्यामुळे रंगाच्या डब्याला हात लावण्यापूर्वी हे काम उरकावे.

आता मुख्य अडचण. बियांकोस्पीनो म्हणजे हॉथॉर्न या काटेरी झुडपाचे पांढरे फूल, आणि हा रंग मुळातच शुभ्र नसून किंचित उबदार आहे. त्यामुळे निळसर नमुना चुकीचा आहे, हे आपल्या डोळ्यांनी बरोबर ओळखले. क्रमांक हे रंगाचे नाव आहे, रंग नव्हे. एकाच नावाचा रंग वेगवेगळ्या पुरवठादारांकडून आला की छटेत फरक पडतो, आणि आजची सूत्रे जुन्या रंगनमुन्यांच्या पट्ट्यांवरून, आजच्या रंगद्रव्यांत नव्याने बसवलेली असतात. चिठ्ठीवर रंग बनवणाऱ्या कंपनीचे नाव असल्यास तेही रंगवाल्याला द्यावे.

पण म्हणून दाराआडचा पिवळटपणा जसाच्या तसा उचलणेही चूक ठरेल. झाकलेला रंग अस्सल राहतो असे आपण धरून चालतो, आणि उन्हात विटणाऱ्या लाल रंगाच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु त्या काळच्या अल्किड राळेवर (रंगद्रव्याला धरून ठेवणाऱ्या तेलयुक्त घटकावर) आधारित सिंथेटिक एनॅमलचा पांढरा रंग अंधारात पिवळा पडतो आणि उजेडात पुन्हा थोडा उजळतो. म्हणून पुठ्ठा काढून ते दार दोन-तीन आठवडे दिवसाच्या उजेडात राहू द्यावे. नंतर तळहाताएवढ्या जागेवर अतिशय मऊ पॉलिश हलक्या हाताने फिरवून वरचा मळ काढावा आणि त्याच जागेची स्पेक्ट्रोफोटोमीटरने, म्हणजे रंगाची छटा मोजणाऱ्या यंत्राने, मोजणी करून घ्यावी. या मोजणीने मिळालेले सूत्र आणि क्रमांकाचे सूत्र यांच्या दरम्यान, दाराच्या बाजूला झुकलेली छटा निवडावी, असे माझे मत आहे.

नमुना डब्यात ढवळून किंवा कागदावर फासून कधीही ठरवू नये. गाडीवर वापरणार तोच प्राइमर लावलेल्या पत्र्यावर फवारून, पूर्ण वाळल्यावर तो दाराशेजारी धरावा. एकदा दुपारी सावलीत, एकदा सकाळच्या उन्हात आणि एकदा गॅरेजच्या दिव्याखाली. दोन ठिकाणी जुळून तिसऱ्या ठिकाणी फसणारा नमुना नाकारावा, कारण त्यातील रंगद्रव्ये वेगळी आहेत आणि तो फरक गाडी रस्त्यावर आली की उघडा पडतो.

चमकेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. हल्ली रंगावर पारदर्शक लॅकरचा थर देण्याची पद्धत आहे. पण आपल्या गाडीचा मूळ रंग एकाच थराच्या एनॅमलचा होता, आणि लॅकरखालचा पांढरा काचेमागचा वाटतो. त्यामुळे लॅकरशिवायचा, स्वतःच चमकणारा रंग मागावा. युरोपीय संघाच्या २००४ सालच्या निर्देशानुसार गाड्यांच्या पुनर्रंगासाठी रंगातील द्रावकांचे (रंग पातळ ठेवणाऱ्या, वाळताना उडून जाणाऱ्या द्रवांचे) प्रमाण २००७पासून मर्यादित केलेले असले, तरी ऐतिहासिक मूल्य असलेल्या गाड्यांसाठी त्या मर्यादेबाहेरच्या रंगाच्या खरेदी-विक्रीला परवानगी देण्याची मुभा सदस्य देशांना त्यात ठेवली आहे. तेव्हा 'आता तसा रंग मिळतच नाही' हे उत्तर ऐकून लगेच माघार घेऊ नये.

काम सुरू करताना डिकीतली चिठ्ठी नीट झाकून घ्यावी, आणि दाराआडचा तो तळहाताएवढा तुकडा न रंगवता तसाच ठेवावा.