राउटर बदलण्याआधी : घरच्या नेटवर्कविषयी वाचकांचे प्रश्न

खानदेशातून आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांचा शेवट एकाच प्रश्नाने होतो : «नवीन राउटर कोणता घेऊ?» बहुतेकांना नवीन राउटरची गरज नाही. नेट कुठे तुटते हे आधी शोधा, ती जागा सापडली की खर्चाचा आकडा बहुधा खाली येतो.

प्रश्न : घर दुमजली, वरचा मजला पत्र्याचा. मोडेम वरच आहे. सकाळी नेट छान चालते, पण एप्रिल लागला की दुपारी १ ते ५ सतत बंद-चालू होते. मोडेम खराब झाला का? (एक वाचक, भुसावळ)

उत्तर : मोडेमवरचे दिवे पाहिल्याशिवाय काही ठरवू नका. दुपारी नेट गेले की लगेच वर जाऊन बघा. सगळेच दिवे विझून पुन्हा लागत असतील तर दोष अडॅप्टरचा किंवा त्याच्या पिनेचा. तापलेला जुना अडॅप्टर भार पेलत नाही आणि मोडेम पुन्हा सुरू होतो. «लॉस» लिहिलेला दिवा लाल झाला असेल तर फायबरमधून उजेडच येत नाही. ते काम कंपनीच्या माणसाचे, राउटर बदलून काहीच होणार नाही. दिवे नेहमीसारखे आहेत आणि तरी मोबाइलवरचे वायफाय गळते, तर मात्र उष्णतेचा संशय घ्या.

घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान बहुधा ० ते ४० अंश दिलेले असते. मे महिन्यात भुसावळात बाहेरच ४५ अंश असतात, पत्र्याखाली त्याहून जास्त. गरम हवा वर साचते, म्हणून पत्र्यालगत खिळ्याला टांगलेला मोडेम काढून भिंतीवर कमरेच्या उंचीला लावा. त्याच्या चारही बाजूंना वीतभर मोकळी जागा ठेवा. इन्व्हर्टरवर किंवा सेट-टॉप बॉक्सवर तो ठेवू नका. खालच्या मजल्यावर नेता आला तर उत्तमच, पण फायबर स्वतः ओढू नका. ती वायर ३ सेंटिमीटरपेक्षा लहान वळणात दुमडली की उजेड गळतो, आणि तुटली तर जोडायला यंत्र लागते. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत. अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी चालत नाहीत.

प्रश्न : जुने धाब्याचे घर आहे, भिंती दोन-दोन फुटांच्या. मोडेम पुढच्या खोलीत. मागच्या स्वयंपाकघरात रेंज शून्य. दुसरा राउटर आणून वायरने जोडला. नेट आले, पण मागे बसून पुढच्या खोलीतल्या प्रिंटरला छपाई देता येत नाही. शिवाय वेग ९०-९५ च्या वर जात नाही, योजना २०० एमबीपीएसची आहे. (एक वाचक, धुळे)

उत्तर : वायर ओढली हे सर्वांत बरे केले. मातीच्या जाड भिंतीपुढे कितीही ॲन्टेनांचा राउटर थकतो, आणि बिनतारी रिपीटर आलेली अशक्त रेंजच पुढे ढकलतो. तुमच्याकडे दोन वेगळ्या चुका झाल्या आहेत.

पहिली चूक जोडणीची. वायर दुसऱ्या राउटरच्या «वॅन» (बाहेरचे नेट घेणाऱ्या) छिद्रात लावल्यामुळे त्याने आपले वेगळे नेटवर्क उभे केले. पुढची उपकरणे १९२.१६८.१ च्या घरात आणि मागची १९२.१६८.० च्या घरात, म्हणून मागून प्रिंटर दिसत नाही. दुसऱ्या राउटरच्या मेन्यूत «ॲक्सेस पॉइंट मोड» असेल तर तो निवडा, काम संपले. नसेल तर हाताने करावे लागेल, आणि क्रम पाळा. मुख्य मोडेमची वायर काढून ठेवा. लॅपटॉप वायरने दुसऱ्या राउटरच्या लॅन (घरातली उपकरणे जोडायच्या) छिद्राला जोडा आणि ब्राउझरमध्ये राउटरचे सेटिंगचे पान उघडा. आधी वायफायचे नाव व पासवर्ड भरा. मग लॅनचा पत्ता १९२.१६८.१.२ करा. मुख्य मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ आहे असे इथे धरले आहे, तो आधी तपासा. जतन केल्यावर पान बंद पडेल. नव्या पत्त्यावर पुन्हा शिरा आणि सगळ्यात शेवटी डीएचसीपी (उपकरणांना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करा. डीएचसीपी आधी बंद केला तर लॅपटॉपला पत्ताच मिळत नाही आणि राउटर बिघडला असे वाटते. शेवटी मोडेमच्या लॅनमधून आलेली वायर दुसऱ्या राउटरच्या लॅनमध्येच घाला, वॅन रिकामे राहू द्या. नाव-पासवर्ड दोन्हीकडे एकच ठेवा. २.४ गिगाहर्ट्झवर एकाला १ आणि दुसऱ्याला ६ किंवा ११ हा चॅनल द्या, रुंदी २० मेगाहर्ट्झ.

दुसरी चूक वायरीत आहे. वेग ९५ च्या आसपास अडकला की जोडणी १०० एमबीपीएसवर बसली असे समजा. १०० ला वायरीतल्या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला (१००० एमबीपीएस) चारही लागतात. म्हणजे एखादी जोडी तुटली आहे, किंवा बसवणाऱ्याने आठातल्या चारच तारा क्लिपमध्ये घातल्या आहेत. (राउटरचे किंवा लॅपटॉपचे छिद्रच १०० चे असेल तर वायर बदलूनही फरक पडणार नाही, तेही बघा.) क्लिप कापून दोन्ही टोके नव्याने बांधा. क्लिपचा खटका खाली आणि सोनेरी पट्ट्या वर धरून डावीकडून क्रम असा : पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीच्या दोन बाजूंना फाकते, आणि चुकते ते इथेच. दिसायला नीट म्हणून काहीजण रंगाशेजारी रंग लावतात. दोन्ही टोकांना तोच क्रम असल्याने स्वस्त टेस्टरवर आठही दिवे बरोबर पेटतात. पण तिसऱ्या-सहाव्या पिनेवर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा येतात, पिळाचा उपयोग संपतो आणि नेट अडखळते. पीळही अर्ध्या इंचापेक्षा जास्त उकलू नका.

वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आतून पांढरट निघाली तर तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम आहे, ते दोन-चार वेळा वाकवले की तुटते. शुद्ध तांब्याची कॅट-६ घ्या. एका सलग ओढीला १०० मीटरची मर्यादा आहे, वाड्यात ती कधी येत नाही. विजेच्या पाइपातून ही वायर नेऊ नका.

प्रश्न : घरापासून मळा ६०० मीटर. उन्हाळ्यात शेत रिकामे असताना दोन बाहेरचे वायरलेस डबे लावून मळ्यात कॅमेरा चालू केला. केळीची मृगबाग लावली, आणि दिवाळीपासून चित्र अडकते. पाऊस आला की पूर्ण बंद. (एक वाचक, रावेर तालुका)

उत्तर : डबे ठीक आहेत, केळी आडवी आली. केळीचे पान म्हणजे पाण्याने भरलेला पडदा, ५ गिगाहर्ट्झच्या लहरी त्यात मुरतात. पावसात पाने ओली झाली की उरलेसुरले जाते.

नुसती नजर पोचली म्हणजे पुरे असे नाही. ६०० मीटरच्या ओळीच्या मध्यावर लहरींना सुमारे पावणेतीन मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो, त्यातला किमान ६० टक्के मोकळा हवा. म्हणजे पानांच्या शेंड्यापासून ओळ पावणेदोन मीटर वर. बाग पानांसह साडेतीन मीटरला जाते असे धरले तर मध्यावर ओळ सव्वापाच मीटरवर येते. २० फुटी जीआय पाइप दोन फूट काँक्रीटमध्ये गाडला तर साडेपाच मीटर उरतात, आणि घराकडचा डबा गच्चीच्या कठड्यावर आणखी उंच असतो, तेवढ्यात भागते. वाटेत निंब किंवा चिंच असेल तर मात्र खांब सरकवा, झाडापेक्षा उंच खांब परवडत नाही. खांबाला तीन बाजूंनी ताण द्या. मे-जूनच्या वादळी वाऱ्यात खांब चार बोटे फिरला तरी निशाणा चुकतो. डब्याच्या पानावर सिग्नल उणे ५० ते उणे ६५ च्या दरम्यान येईपर्यंत हळूहळू फिरवा. रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेवा, दोन कॅमेऱ्यांना भरपूर आहे. खांबाला अर्थिंग द्या, वायर काळ्या आवरणाची बाहेरची घ्या आणि घरात शिरण्याआधी तिला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळेल. ढग गडगडू लागले की दोन्हीकडचे प्लग काढा. जवळ पडलेली वीज कोणताही स्वस्त अडॅप्टर अडवत नाही.

प्रश्न : दुकानात आणि घरी मिळून आठ कॅमेरे. बसवणाऱ्याने राउटरमध्ये काही «पोर्ट» उघडून मोबाइलवर चित्र दिले. पासवर्ड त्यानेच ठेवला, १२३४५६. हे सुरक्षित आहे का? (एक वाचक, जळगाव)

उत्तर : नाही. आजच बदला.

पोर्ट उघडले म्हणजे डीव्हीआरचे (कॅमेऱ्यांचे चित्र साठवणाऱ्या डब्याचे) दार थेट इंटरनेटवर उघडले. ८०, ५५४, ८००० अशी ठरलेली पोर्टे शोधत फिरणारे प्रोग्राम अहोरात्र चालू असतात. त्यांना तुमचे नाव-गाव माहीत असण्याची गरज नसते. २०१६ मधल्या «मिराय» या घातक प्रोग्रामने कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरूनच लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले होते.

आधी राउटरच्या पानावर जाऊन पोर्ट फॉरवर्डिंगचे सगळे नियम पुसा. यूपीएनपी (उपकरणांना न विचारता पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, राउटरमध्येही आणि डीव्हीआरमध्येही. एकाच जागी बंद केले तर अर्धे काम होते. राउटरचे बाहेरून नियंत्रण बंद आहे ना ते बघा, आणि राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड वायफायच्या पासवर्डापेक्षा वेगळा ठेवा. मग डीव्हीआरचा पासवर्ड बदला, किमान १२ अक्षरे. तिथली वापरकर्त्यांची यादी उघडा आणि अनोळखी खाते काढा. फर्मवेअर (डीव्हीआरच्या आतला मूळ प्रोग्राम) कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. ते भरताना लाइट गेली तर डीव्हीआर निकामी होऊ शकतो, म्हणून इन्व्हर्टर चालू ठेवा.

मोबाइलवर चित्र बघायला कंपनीचे ॲप पुरते, पोर्ट लागत नाही. इथे एक गोष्ट हमखास राहून जाते. डीव्हीआर पहिल्यांदा ज्याच्या खात्याला जोडला तो त्याचाच राहतो. बसवणाऱ्याने स्वतःच्या मोबाइल नंबरवर खाते काढून तुम्हाला नुसते «शेअर» केले असेल तर पासवर्ड बदलूनही तो तुमचे घर बघू शकतो. त्याच्याकडून डीव्हीआर सोडवून घ्या आणि तुमच्या नंबरावर जोडा. यात त्याच्यावर संशय घेण्याचा प्रश्न नाही, घर तुमचे आहे.

कोणी «स्टॅटिक आयपी (कायमचा ठरलेला इंटरनेट पत्ता) घ्या» म्हणत असेल तर त्याचीही गरज नाही. राउटरच्या स्थितीच्या पानावर वॅनचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधला किंवा «१०.» ने सुरू होणारा असेल तर तो अनेक ग्राहकांत वाटलेला पत्ता आहे. तिथे बाहेरून पोर्ट उघडतच नाही, ॲप मात्र चालते. वायफायवरचे कॅमेरे असतील तर ते गेस्ट नेटवर्कवर (पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायवर) टाका, हिशेबाच्या संगणकाशी त्यांचा संबंध नको.

प्रश्न : शेजारची मुले वायफाय वापरतात. नाव लपवले, मोबाइलची यादी लावली, तरी शिरतात. (एक वाचक, शहादा)

उत्तर : लपवलेले नाव साध्या ॲपला दिसते, आणि यादीतल्या मोबाइलचा पत्ता नकलता येतो. दोन्ही काढून टाका. डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिनने वायफाय जोडण्याची सोय) बंद करा. त्याचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे ११ हजार प्रयत्नांत सापडतो. सुरक्षा डब्ल्यूपीए३ ठेवा, जुना मोबाइल जोडला गेला नाही तर डब्ल्यूपीए२ एईएस. पासवर्ड १५ अक्षरांच्या वर, मोबाइल नंबर किंवा मुलाचे नाव नको. पाहुण्यांना गेस्टचा पासवर्ड द्या, मुख्य पासवर्ड एकदा बाहेर गेला की परत येत नाही.

प्रश्न : लाइट रोज जाते. मोडेमसाठी छोटा यूपीएस किती मोठा घ्यावा? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : अडॅप्टरवर १२ व्होल्ट १ अँपिअर असेल तर जास्तीत जास्त १२ वॅट, प्रत्यक्षात मोडेम ७-८ वॅट घेतो. यूपीएसच्या खोक्यावरचे ८००० एमएएच हे ३.७ व्होल्टच्या सेलचे असतात, म्हणजे सुमारे ३० वॉट-तास. १२ व्होल्ट करताना काही वाया जाऊन २४ उरतात, तीन तास धरा. पिन बाहेरून ५.५ मिलिमीटर असते, पण आतले छिद्र २.१ की २.५ ते जुळवून घ्या, आणि मधला टोक धन असल्याची खूण बघा. मोडेम ९ व्होल्टचा असेल तर १२ चे टोक लावू नका. यूपीएसवर मोडेम चालू, वायफाय दिसते आणि तरी नेट नाही, असे झाले तर लॉसचा दिवा बघा. तो लाल असेल किंवा «पॉन»चा (फायबरची जोडणी दाखवणारा) दिवा लुकलुकत असेल तर कंपनीच्या बाजूच्या यंत्रालाच वीज नसण्याची शक्यता जास्त. अशा वेळी मोठा यूपीएस घेऊन उपयोग नाही, तक्रार नोंदवताना दिव्याची हीच अवस्था सांगा.