डेप्युटी मिनिस्टर म्हणजे उपमंत्री नव्हे

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात ओटावा येथे एका सरकारी खात्यात नोकरी करते. तिच्या खात्याच्या ‘डेप्युटी मिनिस्टर’ निवृत्त झाल्याचे तिने कळवले, तेव्हा मंत्री निवृत्त कसे होतात, असा प्रश्न मला पडला. आपल्याकडे मंत्रालयात उपसचिव असतात, जिल्ह्यात उपजिल्हाधिकारी असतात. कर्नाटकातील आमचे नातेवाईक मात्र जिल्ह्याच्या प्रमुखालाच ‘डेप्युटी कमिशनर’ म्हणतात. निरनिराळ्या देशांत या पदांचे स्थान आणि अधिकार काय असतात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मुलीने कळवले ते बरोबर आहे. कॅनडात डेप्युटी मिनिस्टर हे लोकप्रतिनिधी नसून खात्याचे सर्वांत वरिष्ठ सनदी अधिकारी असतात; आपल्या केंद्र सरकारातील सचिवाचे जे स्थान, तेच त्यांचे. त्यांची नेमणूक पंतप्रधानांच्या शिफारशीने होते, परंतु सरकार बदलले म्हणून त्यांना पद सोडावे लागत नाही. मंत्र्याला कायद्याने दिलेले बहुतेक अधिकार ते मंत्र्याच्या वतीने वापरू शकतात. नियम करण्याचा अधिकार मात्र त्यात येत नाही. २००६ च्या एका कायद्याने त्यांना खात्याच्या खर्चाबाबत संसदीय समित्यांसमोर उत्तरे देण्याची जबाबदारीही दिली आहे. अशा पदाला मराठीत ‘उपमंत्री’ म्हणणे दिशाभूल करणारे आहे, कारण आपल्याकडे उपमंत्री हा मंत्रिमंडळातील राज्यमंत्र्याच्याही खालचा राजकीय दर्जा होता.

म्हणून केवळ पदनामावरून काही ठरवू नये. नेमणूक राजकीय आहे की सेवेतील, आणि वरची खुर्ची रिकामी झाली की सही कोणाची चालते, या दोन गोष्टी तपासाव्यात, असे माझे मत आहे.

अमेरिकेत हे स्पष्ट दिसते. तेथे मंत्र्यालाच सेक्रेटरी म्हणतात, आणि मोठ्या खात्यांत त्याच्या खालोखाल डेप्युटी सेक्रेटरी असतो. त्याची निवड राष्ट्राध्यक्ष करतात आणि तिला सिनेटची संमती लागते. परराष्ट्र खात्यात हे पद १९७२ मध्ये निर्माण झाले. रिक्त पदांविषयीच्या १९९८ च्या कायद्यानुसार, राष्ट्राध्यक्षांनी दुसऱ्या पात्र व्यक्तीची योजना केली नसेल तर, पद रिकामे होताच पहिला सहायक, म्हणजे बहुधा हा डेप्युटीच, आपोआप कार्यकारी प्रमुख होतो, आणि अशा तात्पुरत्या कारभाराला साधारणपणे २१० दिवसांची मर्यादा आहे. या पदावरील माणसाची खरी कसोटी मात्र त्याआधीच लागली होती. वॉटरगेट प्रकरणात २० ऑक्टोबर १९७३ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्या प्रकरणाचा तपास करणारे विशेष अभियोक्ता आर्चिबाल्ड कॉक्स यांना काढून टाकण्याचा आदेश ॲटर्नी जनरल, म्हणजे न्याय खात्याचे प्रमुख, इलियट रिचर्डसन यांना दिला. रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला. तोच आदेश त्यांचे डेप्युटी विल्यम रकल्सहाउस यांच्याकडे आला, तेव्हा त्यांनीही तो पाळला नाही आणि पद सोडावे लागले ते पत्करले; अखेर क्रमाने तिसरे असलेले सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांनी कॉक्स यांना बडतर्फ केले. दुय्यम पदावर नेमायचा माणूस किती काळजीपूर्वक निवडला पाहिजे, हे मला या एका रात्रीइतके दुसऱ्या कशातूनही कळलेले नाही.

ब्रिटनमध्ये मंत्र्याच्या गैरहजेरीसाठी वेगळा उपाधिकारी शोधावाच लागत नाही, कारण तेथील न्यायालयांनी मंत्री आणि त्याचे अधिकारी यांना कायद्याच्या दृष्टीने एकच मानले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कार्ल्टोना नावाच्या कंपनीचा कारखाना सरकारने ताब्यात घेतला. हा निर्णय मंत्र्याने स्वतः न घेता एका अधिकाऱ्याने घेतला, अशी कंपनीची तक्रार होती. १९४३ च्या निकालात न्यायाधीश लॉर्ड ग्रीन यांनी ती फेटाळली आणि सांगितले की, अधिकाऱ्याचा निर्णय हा मंत्र्याचाच निर्णय होय, व त्याबद्दल संसदेला जाब द्यायचा तो मंत्र्यानेच.

आपली रीत याच्या जवळची आहे. महाराष्ट्राच्या शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे छापलेले असते आणि त्याखाली पुष्कळदा उपसचिवाची किंवा अवर सचिवाची सही असते. राज्यघटनेच्या अनुच्छेद १६६ प्रमाणे ठरवून दिलेल्या अधिकाऱ्याने असा आदेश साक्षांकित केला की तो सरकारचा आदेश ठरतो. म्हणजे उपसचिव हा सचिवाची जागा घेणारा नसतो. सचिव, अपर सचिव, सहसचिव अशा उतरंडीतील ती एक पायरी आहे, आणि सचिव रजेवर गेले म्हणून त्यांचे अधिकार आपोआप त्याच्याकडे येत नाहीत. जपानमध्ये २००१ पासून प्रत्येक मंत्रालयात राजकीय उपमंत्री आणि सेवेतील प्रशासकीय उपमंत्री अशी दोन्ही पदे शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे तेथील बातम्या वाचताना विशेष जपावे लागते.

राहिला कर्नाटकाचा प्रश्न. इंग्रजी अमलात काही प्रांतांत विभागाच्या प्रमुखाला कमिशनर आणि त्याच्या हाताखाली जिल्हा सांभाळणाऱ्याला डेप्युटी कमिशनर म्हणत. म्हैसूर संस्थानात १८३१ ते १८८१ या काळात ब्रिटिश कमिशनरांचा कारभार होता, तेव्हापासूनची ही पद्धत आहे. मुंबई इलाख्यात मात्र कलेक्टर हे नाव रूढ होते, म्हणून आपल्या सांगलीकडे ‘डेप्युटी कमिशनर’ हे नाव ऐकण्यात आले नसेल. नागपूर, अकोला, अमरावती या भागांत, म्हणजे जुन्या मध्यप्रांत-वऱ्हाडात, जिल्ह्याचा प्रमुख डेप्युटी कमिशनरच असे.