शिकारी कुत्रीची पिल्लं घेण्याआधी काय बघावं?

तुमची लॅब्रॅडॉर मादी दोन वर्षांची आहे, कामात हुशार आहे, म्हणून पिल्लं घ्यावीत का, असा प्रश्न आहे. हुशारी नंतर, आधी खुबा बघा. खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष या जातीत बऱ्यापैकी आढळतो, पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आणि वरून दिसत नाही. दिवसभर धावणारं कुत्रंही आतून सदोष निघू शकतं. त्यामुळे 24 महिने पूर्ण झाल्यावर एक्स-रे काढाच. डोळे तपासून घ्या, आणि नर-मादी दोघांची ब्रुसेलाची (समागमातून पसरणारा, गर्भपात घडवणारा जंतुसंसर्ग) रक्ततपासणीही.

मग स्वभाव. बंदुकीच्या आवाजाने बिथरणारी किंवा शिकार झालेला पक्षी तोंडात धरून आणताना चावून चिरडणारी मादी असेल तर थांबा. तिने आणलेल्या पक्ष्याच्या बरगड्या बोटांनी चाचपा, मोडल्यात का ते लगेच कळतं. तिच्यात जे कमी आहे ते नरात शोधा. दोघंही उतावळे असले की पिल्लं आवरता आवरत नाहीत, अनुभव आहे!

गाभणकाळ साधारण 63 दिवसांचा, पुढे निदान आठ आठवडे पिल्लं आईपाशीच. एका वेतात सात-आठ सहज होतात. ती कोणाकडे जाणार हे आधीच ठरलं नसेल, तर तिच्या माजाचा हा काळ तसाच जाऊ द्या.